अपस्माराचा माग : माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटची वाटचाल

१९२८ च्या डिसेंबरात माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलात सदतीस वर्षांच्या एका न्यूरोसर्जनने आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. सर्जनचे नाव वाइल्डर पेनफिल्ड, बहिणीचे रूथ. रूथला कित्येक वर्षे आकडी येत होती. कवटी उघडल्यावर उजव्या ललाटखंडात गाठ दिसली. ती इतकी पसरलेली होती की खंडाचा मोठा भाग काढूनही सगळी निघाली नाही. रूथ बरी होऊन घरी गेली, बोलूचालू लागली, पूर्वीइतकीच प्रेमळ राहिली. साधारण सव्वा वर्षाने तिने एका संध्याकाळी घरची चार माणसे आणि एक पाहुणा यांच्या साध्या जेवणाचा बेत केला. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सगळे जिन्नस समोर होते, एकदोन भांडी शेगडीवर चढली होती. पण सॅलड झाले नव्हते, मांस शिजायला घातलेच नव्हते आणि एकटीने बराच वेळ खटपट करून ती गोंधळून, रडवेली होऊन गेली होती.

ललाटखंड गेला की माणसाचे नेमके काय जाते, याची ही नोंद पेनफिल्ड यांनी जोसेफ इव्हान्स या सहकाऱ्यासह १९३५ मध्ये शोधनिबंधात दिली. तोवर रूथ हयात नव्हती. गाठ पुन्हा वाढली, नामवंत अमेरिकी न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली, तरी १९३१ मध्ये ती गेली. अपस्माराच्या रुग्णांसाठी आणि मेंदूच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र संस्था उभारायची हे पेनफिल्ड यांचे स्वप्न जुनेच होते. बहिणीच्या आजारपणाने त्याला धार आली.

या स्वप्नाची तयारी तीन देशांत झाली होती. पेनफिल्ड मूळचे अमेरिकेतले, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे. ऑक्सफर्डला चार्ल्स शेरिंग्टन यांच्या हाताखाली त्यांनी मज्जासंस्थेचे शरीरक्रियाशास्त्र शिकून घेतले. १९२४ मध्ये ते माद्रिदला गेले. तिथे पिओ देल रिओ ओर्तेगा मेंदूतल्या आधारपेशी धातूच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत असत. पेनफिल्ड यांना हे तंत्र एका प्रश्नासाठी हवे होते : डोक्याला मार बसून जखम भरली, तरी कित्येक वर्षांनंतर त्याच जागेतून झटके का सुरू होतात? जखमेच्या वणाचे काप पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते.

तिसरा मुक्काम ब्रेसलाऊचा. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमधले व्रोत्सवाफ आहे. तिथे ओटफ्रिड फोर्स्टर पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत. रुग्णाला पूर्ण भूल न देता, फक्त टाळू बधिर करून ते कवटी उघडत, विजेचा सौम्य स्पर्श करून मेंदूचा कोणता भाग काय करतो ते पाहत आणि मग वण काढून टाकत. पेनफिल्ड १९२८ मध्ये सहा महिने तिथे राहिले. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध १९३० मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. शेरिंग्टनचे शरीरक्रियाशास्त्र, ओर्तेगाचे रंग आणि फोर्स्टरचा चाकू हे तिन्ही एका छताखाली आणायचे, हा पुढच्या संस्थेचा आराखडा इथेच पक्का झाला.

छप्पर मात्र पैशावाचून उभे राहणार नव्हते. माँट्रियलचे सर्जन एडवर्ड आर्चिबाल्ड यांनी पेनफिल्ड आणि त्यांचे जिवलग सहकारी विल्यम कोन यांना न्यूयॉर्कहून बोलावून घेतले होते. रॉकफेलर फाउंडेशनकडे केलेली पहिली विनंती फळली नाही. पुढे फाउंडेशनच्या वैद्यकीय विभागाची सूत्रे अॅलन ग्रेग यांच्याकडे आली आणि त्यांनी ही कल्पना उचलून धरली. १९३२ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन कडाक्यात, फाउंडेशनने १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातला मोठा वाटा कायम निधी म्हणून संशोधनासाठी राखलेला होता. रुग्णसेवेच्या खर्चाचा भार क्विबेक प्रांताने आणि माँट्रियल शहराने उचलला. फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या दोन समाजांच्या या शहरात दोन्ही भाषांतले रुग्ण इथे येणार, हे सुरुवातीपासून ठरलेले होते.

२७ सप्टेंबर १९३४ रोजी माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न, माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर, रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलाच्या समोर आणि त्याला रस्त्यावरच्या पुलाने जोडलेली ही दगडी इमारत. उद्घाटनाला कुशिंग आले होते. प्रवेशदालनाच्या छतावर पेनफिल्ड यांनी माद्रिदला शिकलेल्या आधारपेशींचे नक्षीकाम करून घेतले. खाटा, शस्त्रक्रियागृह, पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग आणि संशोधकांच्या खोल्या, सगळे एकाच जिन्याने जोडलेले. रुग्णाला पाहणारा आणि त्याच्या पेशींचे काप पाहणारा दुपारी एकाच टेबलावर जेवत. आज हे साधे वाटते. त्या काळी मेंदूच्या आजारांसाठी अशी सोय जगात फार थोड्या ठिकाणी होती.

शस्त्रक्रियागृहात काय चालत असे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्ण कुशीवर झोपलेला, जागा. टाळू बधिर केलेली. चादरीच्या तंबूआड त्याच्या चेहऱ्याशी एक सहकारी बसून बोलत राहिलेला. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होते. पेनफिल्ड इलेक्ट्रोड टेकवत. रुग्ण म्हणे, अंगठ्याला मुंग्या आल्या. लगेच त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा इवलासा तुकडा ठेवला जाई आणि आकड्यासह उत्तर लिहून घेतले जाई. पुढच्या जागी जीभ ओढली जाई, त्याच्या पुढे बोलणे मध्येच थांबे. वाचेची जागा सापडली की तिला हात लावायचा नाही. शेवटी उघड्या मेंदूचा आकड्यांसह फोटो काढला जाई. ज्या जागेला स्पर्श करताच रुग्ण ‘आता मला फिट येणार असे वाटतेय’ अशा अर्थाचे बोले, ती जागा सर्वांत मोलाची, कारण झटका बहुधा तिथूनच सुरू होत असे. कॅनडात आजही पेनफिल्ड यांचे नाव काढले की लोकांना जळक्या टोस्टचा वास आठवतो. १९९० च्या दशकात तिथल्या दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या एका लघुपटात फिट येण्याआधी तसा वास येणारी रुग्ण होती.

अशा शंभरावर रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्रे यांनी १९३७ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा मांडला. ओठ आणि हात अवाढव्य, धड चिमुकले असे त्यातले बेढब माणूसचित्र आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात असते. ते चित्र अपस्माराच्या उपचारातून निघाले, ही गोष्ट शिकवताना बरेचदा सांगायची राहून जाते.

तरी एक उणीव होती. डोळ्यांना वण दिसला, गाठ दिसली, तर ठीक. पण ज्या रुग्णाच्या मेंदूत वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही, त्याचा झटका कुठून उठतो? ही उणीव भरून काढली हर्बर्ट जॅस्पर यांनी, आणि लेखकाच्या मते या संस्थेच्या इतिहासात पेनफिल्ड यांच्याइतकाच मोठा वाटा या माणसाचा आहे. जॅस्पर ऑरेगनमधले, मानसशास्त्रातून शरीरक्रियाशास्त्राकडे वळलेले. हान्स बर्गर यांनी जर्मनीत १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा फार कुणी विश्वास ठेवला नव्हता. जॅस्पर यांनी ऱ्होड आयलंडला प्रॉव्हिडन्समध्ये स्वतः यंत्र जुळवून त्या लहरी टिपल्या. त्यांचा आणि लिओनार्ड कारमायकेल यांचा १९३५ चा निबंध अमेरिकेतला या विषयावरचा पहिला मानला जातो.

१९३७ मध्ये पेनफिल्ड व्याख्यानासाठी तिकडे गेले असता जॅस्पर यांनी त्यांना सांगितले की, झटक्याचे उगमस्थान कवटी न उघडता या आलेखावरून ओळखता येते. पेनफिल्ड यांना ते पटले नाही. त्यांनी पडताळा घ्यायचा ठरवले, आणि शस्त्रक्रियेत आलेख खरा ठरला. मग काही काळ जॅस्पर मोटारीत यंत्र घालून प्रॉव्हिडन्सहून माँट्रियलला ये-जा करत राहिले आणि १९३८ मध्ये संस्थेत पूर्णवेळ दाखल झाले. पुढच्याच वर्षी ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाची, स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. शस्त्रक्रिया चालू असताना इलेक्ट्रोड थेट उघड्या मेंदूवर ठेवून लहरी टिपण्याची पद्धत इथे रुळली. काचेपलीकडे बसलेले जॅस्पर आलेख वाचत आणि सर्जनला किती काढायचे, कुठे थांबायचे याचा सल्ला देत.

शस्त्रक्रियागृहातल्या या जोडीचे फळ म्हणजे १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला पेनफिल्ड आणि जॅस्पर यांचा ‘एपिलेप्सी अँड द फंक्शनल अॅनाटॉमी ऑफ द ह्यूमन ब्रेन’ हा जाडजूड ग्रंथ. पण जॅस्पर यांचे काम सर्जनच्या मदतीपुरते नव्हते. संपूर्ण मेंदूत एकाच वेळी उसळणाऱ्या झटक्यांत थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातल्या केंद्राचा, काय हात असतो हे त्यांनी मांजरांवरील प्रयोगांतून तपासले. १९४९ मध्ये ईईजीचे आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघाले त्याचे ते पहिले संपादक. डोक्यावर इलेक्ट्रोड कुठे चिकटवायचे याची ‘१०-२०’ पद्धत त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५८ मध्ये मांडली. आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या ईईजी केंद्रात तंत्रज्ञ टेपने डोके मोजून खुणा करतो, तो याच पद्धतीने. १९६१ मध्ये मेंदूसंशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना युनेस्कोच्या सहकार्याने उभी राहिली, तिचे पहिले कार्यकारी सचिवही जॅस्पर. पुढे नोबेल मिळवणारे डेव्हिड ह्यूबेल यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत एक वर्ष काढले होते.

याच इमारतीत के. ए. सी. एलियट यांची न्यूरोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा होती. ऑस्ट्रियाहून आलेले अर्न्स्ट फ्लोरी मेंदूच्या अर्कातला एक अनोळखी पदार्थ शोधत होते. तो मज्जापेशींचे काम थोपवत असे, आणि त्याची चाचणी ते नदीतल्या एका कवचधारी प्राण्याच्या मज्जातंतूवर घेत. १९५७ मध्ये बेझमोर, एलियट आणि फ्लोरी यांनी तो पदार्थ ओळखला : गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, अर्थात गाबा. मेंदूतला मुख्य लगाम तो हाच. फिनोबार्बिटोन, क्लोबाझाम किंवा फिट थांबवायला नाकात फवारला जाणारा मिडाझोलाम ही औषधे गाबाचाच परिणाम वाढवून काम करतात.

आता अपयशाच्या नोंदीकडे. १९४४ मध्ये ब्रेंडा मिलनर इंग्लंडहून माँट्रियलला आल्या. १९५० मध्ये पेनफिल्ड यांच्या रुग्णांच्या चाचण्या घेण्यासाठी त्या संस्थेत आल्या, तेव्हा इथे मानसशास्त्रज्ञाचे पद असावे असे फार कुणाला वाटत नव्हते. लवकरच एक गंभीर गोष्ट पुढे आली. कानशिलाच्या बाजूचा डावा टेंपोरल लोब काढलेल्या दोन रुग्णांची नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली होती. त्यांतला एक स्थापत्य अभियंता होता. एकाच बाजूचा भाग काढून असे का व्हावे? पेनफिल्ड आणि मिलनर यांनी तर्क केला की दुसऱ्या बाजूचा हिप्पोकँपस, म्हणजे टेंपोरल लोबच्या आतल्या बाजूचा भाग, आधीपासूनच निकामी असला पाहिजे. आणि त्यांनी हे लपवले नाही. १९५५ मध्ये शिकागोच्या न्यूरॉलॉजिस्टांच्या सभेत दोन्ही रुग्णांची हकिगत मांडली. त्या अभियंत्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला गेला तेव्हा उजवा हिप्पोकँपस खरोखरच आक्रसलेला निघाला.

सभेतल्या त्या निबंधाचा गोषवारा वाचून हार्टफर्डचे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी माँट्रियलला कळवले की, त्यांच्याही एका रुग्णाचे असेच झाले आहे. हा रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. अनेक दशके वैद्यकीय साहित्यात तो फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला गेला. न आवरणाऱ्या अपस्मारासाठी १९५३ मध्ये स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकँपस काढले होते. मिलनर हार्टफर्डला जाऊन त्याला तपासू लागल्या. तो त्यांना प्रत्येक भेटीत नव्यानेच भेटे. एकदा त्यांनी त्याला आरशात पाहून दुहेरी रेघांच्या मधून तारा गिरवायला दिला. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, पण असे काही आपण पूर्वी केले आहे हे त्याला आठवत नव्हते. हाताची सवय आणि मनातली आठवण या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे यातून कळले. १९५७ चा स्कोव्हिल-मिलनर निबंध आज स्मृतीच्या अभ्यासाचा पाया आहे. पण त्याचे तातडीचे फळ रुग्णांना मिळाले. दोन्ही बाजूंचा हिप्पोकँपस काढायचा नाही, हा नियम झाला. शस्त्रक्रियेआधी स्मृतीची आणि वाचेची कसून चाचणी घेणे अपरिहार्य ठरले.

वाचेच्या चाचणीचे तंत्र जपानहून आले. जून वाडा यांनी मानेतल्या धमनीत अमिटाल हे गुंगीचे औषध टोचून मेंदूची एकच बाजू काही मिनिटे झोपवण्याची युक्ती शोधली होती. १९५० च्या दशकात ते माँट्रियलला आले आणि थिओडोर रासमुसेन यांच्यासह त्यांनी ती इथे रुजवली. पुढे संस्थेतल्या शेकडो चाचण्यांवरून दिसले की उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे ९६ टक्के लोकांची वाचा डाव्या मेंदूत असते, आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्क्यांची. डावखुरा म्हणजे वाचा उजवीकडे, हा समज त्याने मोडीत निघाला.

पेनफिल्ड १९६० मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले. कोन त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. रासमुसेन संचालक झाले. त्यांचे नाव आज एका आजाराला आहे : मेंदूच्या एकाच अर्ध्या भागाला हळूहळू पोखरणारा, बहुतेक लहान मुलांना होणारा दाह. त्याचे पहिले रुग्ण त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये नोंदवले. अशा मुलांत अर्धा मेंदू काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झटके थांबवी, पण काही वर्षांनंतर रिकाम्या पोकळीत रक्त झिरपून जीवघेणे उपद्रव होत. रासमुसेन यांनी मेंदूचा काही भाग जागेवरच ठेवून फक्त त्याचे संबंध तोडण्याची रीत बसवली. ती आजही सुधारित रूपात जगभर वापरली जाते.

पुढची दशके थोडक्यात. पिएर ग्लूर यांनी संपूर्ण मेंदूत पसरणाऱ्या झटक्यांचा उगम कॉर्टेक्स (मेंदूचा बाह्य थर) आणि थॅलॅमस यांच्या परस्परसंबंधात शोधला. फ्रेडरिक अँडरमन यांनी दुर्मीळ अपस्मारांचे रुग्ण आयुष्यभर जमवले आणि समजावून घेतले. विल्यम फाइंडेल यांच्या कारकिर्दीत संस्थेत सीटी स्कॅन आले. ज्यां गॉटमन यांनी १९७० च्या दशकापासून संगणकाला ईईजीतला झटका आपोआप ओळखायला शिकवले. रात्रभराचा आलेख डोळ्यांनी चाळणाऱ्या डॉक्टरांच्या कामाची पद्धतच त्याने बदलली. २०१६ मध्ये संस्थेने आणखी एक मोठा निर्णय जाहीर केला : आपली संशोधनसामग्री सर्वांना खुली ठेवायची आणि शोधांवर पेटंट घ्यायचे नाही.

या वाटचालीची एक वाट भारतात येते. जेकब चांडी माँट्रियलला पेनफिल्ड यांच्याकडे आणि शिकागोला रासमुसेन यांच्याकडे शिकून १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. देशातला न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग त्यांनी उभारला. २५ ऑगस्ट १९५२ रोजी तिथे एका एकोणीस वर्षांच्या रुग्णावर त्यांनी केलेली शस्त्रक्रिया ही भारतातली अपस्माराची पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. मुंबईत ही परंपरा आणली डॉ. राम गिंडे यांनी. पेनफिल्ड यांच्या हाताखाली तयार होऊन ते परतले आणि जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी न्यूरोसर्जरीची पायाभरणी केली. माँट्रियलचा धडा महाराष्ट्रात पोहोचला तो असा.

पेनफिल्ड १९७६ मध्ये वारले, जॅस्पर १९९९ मध्ये. मिलनर यांनी २०१८ मध्ये वयाची शंभरी ओलांडली. या तिघांच्या संस्थेने रूढ केलेली शस्त्रक्रिया औषधांपेक्षा खरोखर सरस आहे का, याचा काटेकोर निवाडा मात्र २००१ मध्ये कॅनडातल्याच लंडन या शहरात झाला. औषधांना दाद न देणाऱ्या टेंपोरल लोबच्या अपस्माराचे ८० रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

हा आकडा आपल्याकडच्या घरांपर्यंत पोहोचायला हवा. अजूनही फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, दातखीळ बसली म्हणून तोंडात चमचा घातला जातो, मुलीचे लग्न व्हायचे म्हणून गोळ्या लपवल्या जातात. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली गेली, हेही अनेकांना ठाऊक नसते. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय गाठावे. आणि योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही झटके येतच असतील, तर आणखी दहा वर्षे वाट पाहू नये. अपस्मारावर शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात जाऊन व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय करून घ्यावेत आणि आपल्या झटक्याची जागा सापडते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.